कागदावरची पावणेदोन वर्षं

साठीनंतर बाईला वाढदिवसाचं काही वाटेनासं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या रविवारी पहाटे आरे कॉलनीत आमच्या पळणाऱ्या बायकांच्या ग्रुपमध्ये यावं. आमच्यातली कुणी साठ, पासष्ट किंवा सत्तरीची होणार असली की महिनाभर आधीपासून खुशीत असते. कारण साधं आहे. मॅरेथॉनमध्ये बक्षिसं वयाच्या गटांप्रमाणे असतात आणि हे गट पाच-पाच वर्षांचे. चौसष्टाव्या वर्षी तुम्ही तुमच्या गटात सगळ्यांत थोरल्या असता आणि नुकत्याच साठीला पोचलेल्या पोरी तुम्हाला मागे टाकून जातात. पासष्ट पूर्ण झाली की वरच्या गटात तुम्ही सगळ्यांत धाकट्या. बाकीचं जग वय लपवतं, आम्ही ते वाढायची वाट बघतो.

मी मालाडची. एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी केली. पन्नाशीच्या आसपास शुगर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि चालताना पुढे एखादी बाई दिसली की तिला गाठल्याशिवाय मला राहवेना. तिथून बेचाळीस किलोमीटरपर्यंत मला माझ्या वाईट स्वभावानंच आणलं. हरले की मी दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. माझा नवरा माझ्याशी कॅरम खेळायचा कधीच बंद झालाय आणि का, ते तो आल्यागेल्याला हौसेनं सांगतो.

साठ पूर्ण झाल्यावर मी साठ ते चौसष्टच्या गटात आले, तीही सगळ्यांत धाकटी म्हणून. जानेवारीच्या मॅरेथॉनमध्ये पहिला नंबर माझाच, असं मी धरून चालले होते. तो नंबर वाकोल्याची एक बाई घेऊन गेली. पुढच्या जानेवारीतही तिनंच नेला. दोन्ही वेळा मी दुसरी, एकदा तीन मिनिटांनी आणि एकदा दोन.

ही बाई नेमकी आमच्याच ग्रुपमधली, त्यामुळे तिला टाळायचीही सोय नव्हती. मूळची मालवणकडची. वडील मुंबईत गिरणीत, आई आणि मुली गावाला. लग्न होऊन ती वाकोल्यात आली आणि तीस वर्षं एका हॉस्पिटलात आयाचं काम केलं. चौपन्नाव्या वर्षी तिथल्या डॉक्टरांनी स्टाफची टीम दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरवली. एक डोकं कमी पडत होतं म्हणून हिला उभं केलं. तिनं टीममधल्या एकूण एक डॉक्टरला मागे टाकलं आणि तेव्हापासून ती थांबलेली नाही.

तिच्याकडे आमच्यासारखं महागडं घड्याळ नाही. आम्ही शक्तीसाठी गोड जेलची पाकिटं चोखत पळतो. तिच्या बाटलीत मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज असते, पाण्यासारखी पातळ. राहते सातव्या मजल्यावर आणि लिफ्टला हात लावत नाही, बाजाराच्या पिशव्या हातात असल्या तरी. मंगळवार आणि शुक्रवार तिची सुट्टी, त्या दिवशी तिला कुणी दहा पावलंही पळायला लावू शकत नाही. पण दर रविवारी, आरेचे चढ-उतार करून आम्ही अर्धमेल्या झालेल्या असताना, शेवटचे तीन किलोमीटर ती सगळ्यांत जोरात पळते. असं का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पाय दमल्यावरच शिकतत." पहिली दोन वर्षं मला ती अजिबात आवडत नव्हती. तरी पळताना माझी नजर तिच्या पाठीवरून हलत नसे. काटक, जराशी डावीकडे झुकलेली पाठ. ती दिसली की माझेही पाय उचलायचे, हे कबूल करायला मला फार वेळ लागला.

तर दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ती पासष्टची झाली. पहिल्या रविवारी ग्रुपनं केक आणला, कुणी कांदेपोहे आणले. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या. ती आता वरच्या गटात जाणार होती आणि माझा रस्ता मोकळा होणार होता. त्या आनंदात मी तिला स्वतःच्या हातानं केक भरवला.

"कसली पासष्ट गो?" केक गिळत ती म्हणाली. "ही मास्तरांची पासष्ट."

मग तिनं सांगितलं ते असं. थोरल्या बहिणीला शाळेत घालायच्या दिवशी आईला शेतावर जायचं होतं. धाकटीला सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून आईनं दोघींनाही शाळेत नेऊन बसवलं. मास्तरांनी थोरलीचं नाव घातलं आणि शेजारी बसलेल्या धाकटीचंही घालून टाकलं. दोघींना जूनची पहिली तारीख, दोघींना एकच साल. "कागदावर आम्ही जुळी," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मी फारशी हसले नाही, कारण मला यात नवं काही नव्हतं. एक जून हा आमच्या ऑफिसातला सगळ्यांत मोठा वाढदिवस. जुन्या रजिस्टरात पानंच्या पानं त्या तारखेला जन्मलेली पोरं. मूल सहा वर्षांचं दाखवल्याशिवाय पहिलीत घेता येत नसे आणि खरी तारीख कुणाच्या आईला ठाऊक नसे. मग मास्तर लिहायचे एक जून, विषय संपला.

"म्हणजे तू खरी किती?" कुणीतरी विचारलं.

"आई सांगायची, आंब्याक मोहोर होता तेव्हाची तू. थोरलीपेक्षा दीड-दोन वर्षांनी. म्हणजे झाली असतील त्रेसष्ट."

बाकीच्यांना हे फार आवडलं. त्या तारखेपायी बिचारीची नोकरी लवकर सुटली होती, आता त्याच तारखेनं तिला सोपा गट मिळाला. कुणी म्हणालं, झकास, पाच वर्षं आरामात पहिली ये. तिला मात्र ते रुचलं नाही. तिनं माझ्याकडे बोट केलं. "मी हिच्याबरोबरची. हिला हरवून पहिली आले तर पहिली. म्हाताऱ्या बायकांना हरवून कसली पहिली?" मग मला म्हणाली, "तू शाळेच्या ऑफिसात होतीस ना? ही तारीख बदलून मिळत नाय काय?"

मी म्हटलं, "शाळेच्या दाखल्यावरची तारीख शाळा सोडल्यावर बदलत नाही."

हे शंभर टक्के खरं होतं. पण ते अर्धंच होतं. आमच्या शर्यतीला शाळेचा दाखला कुणी मागत नाही, आधार कार्ड मागतात. आणि आधारवरची जन्मतारीख बदलते, जन्माचा पुरावा असेल तर. पूर्वी गावागावात जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात व्हायची, ती बुकं अजून तहसील कचेरीत पडलेली असतात आणि अर्ज केला की नक्कल मिळते. मी आयुष्यभर लोकांना हे अर्ज लिहून दिलेत. त्या दिवशी तोंडात पोह्यांचा घास होता. मी घासही गिळला आणि ही उरलेली माहितीही.

पुढच्या जानेवारीत मी पहिली आले. आमची शर्यत मुलुंडहून निघते, हायवेनं घाटकोपरला जाऊन परत फिरते आणि अशा दोन फेऱ्या होतात. मध्ये दुभाजक असल्यामुळे समोरून परत येणारी माणसं दिसतात. त्या दिवशी मला काही करायचंच नव्हतं. गटात गाठण्यासारखं कुणी नव्हतं, मागूनही कुणी येत नव्हतं. मी पाण्याच्या टेबलापाशी थांबले, पोलिसांना नमस्कार केले, फोटोवाल्याला हात दाखवला. चार तास छप्पन्न मिनिटं, आधीच्या वर्षापेक्षा पंधरा मिनिटं जास्त. तरी कप माझा.

ती चार तास अडतीसमध्ये आली, तिच्या कागदावरच्या गटात पहिली. दुसरी आली ती बोरिवलीची एक गुजराती बाई, अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून पळणारी. बक्षीस घेऊन खाली उतरल्यावर ही तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "पहिला नंबर तुमचा होता, ताई." त्या बाईला वाटलं, ही नम्रपणे बोलतेय. तिनं हिच्या गालावरून हात फिरवला.

मग ही माझ्याकडे आली. मी कप कुठे धरावा या विचारात होते.

"तू हायवेवर हसत होतीस गो," ती म्हणाली. "मी परत येताना बघितलं तुका. तिसाव्या किलोमीटरला माणूस हसता काय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मी आजारी आहे की काय, असं विचारावं तसं तिनं ते विचारलं. मला मात्र इतकी लाज वाटली की घरी जाऊन कप कपाटावर, पेट्यांच्या मागे ठेवला. नवरा म्हणाला, "पहिली येऊन पण तोंड पाडून बसलीयस, आता मी करू तरी काय?"

पुढचा रविवार विश्रांतीचा होता, त्याच्या पुढच्या रविवारी आरेत मी तिला बाजूला घेतलं. पळता पळताच सांगितलं, कारण उभं राहून तिच्याकडे बघत सांगायची माझी हिंमत नव्हती. कोतवाल बुक, नक्कल, आधार, सगळं. आणि हे मला जूनमध्येही माहीत होतं, हेही. मला वाटलं ती शिव्या घालेल. मीच असते तर घातल्या असत्या. ती पळत राहिली. चढ संपला, उतार लागला.

"म्हणजे माझं एक वर्ष गेलं," शेवटी ती म्हणाली.

तेवढंच. आमच्या वयात एक वर्ष म्हणजे काय, ते पळणाऱ्या बाईला सांगायला लागत नाही. पुढच्या जानेवारीत गुडघा राहील का, हृदय राहील का, नवरा राहील का, कशाचीच खात्री नसते. मी त्यातलं एक वर्ष एका कपासाठी तिच्या हातून काढून घेतलं होतं. मी माफी मागितली. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "मग आता काय करूचा ता सांग."

मी आयुष्यात इतक्या काळजीनं अर्ज लिहिला नसेल. वडिलांचं नाव, वाडी, थोरल्या बहिणीची शाळेतली नोंद, सगळं जोडलं. शिमग्याला ती गावी गेली ती थेट तहसील कचेरीत. दोन दिवस तिथल्या बाकावर बसून राहिली. नोंदीत मुलींची नावं नसतात, फक्त बापाचं नाव आणि पुढे 'मुलगी'. थोरली एका पानावर सापडली. ही पुढच्या वर्षाच्या पानांवर नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षाच्या पानांवर, माघात सापडली. तिनं तिथूनच मला फोन केला आणि तारीख वाचून दाखवली. फेब्रुवारीतली तारीख.

मी बोटं मोजली. मास्तरांनी तिचं वय पावणेदोन वर्षांनी वाढवलं होतं. म्हणजे येत्या जानेवारीत, शर्यतीच्या दिवशी, ती खरोखर चौसष्टची असणार होती आणि त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी पासष्टची. खऱ्या वयानं माझ्या गटात पळायची तिची ती एकच शर्यत उरली होती. मी हे तिला फोनवरच सांगितलं.

त्यानंतर कागद फिरत राहिले. नक्कल आली, प्रतिज्ञापत्र झालं, जन्माच्या दाखल्यात नाव चढायला पावसाळा उजाडला. आधार केंद्रातल्या मुलीला काही केल्या उमजेना. लोक तारीख बदलतात ते नोकरी वाढावी म्हणून, सवलत मिळावी म्हणून. ही आजी काय मिळावं म्हणून बदलतेय? "पळूक," ही म्हणाली. अर्ज एकदा परत आला, दुसऱ्यांदा गेला. शर्यतीची नोंदणी बंद व्हायला अकरा दिवस उरले असताना नवं आधार हातात पडलं. आमच्या ग्रुपनं तिला वेड्यात काढलं. हातातला पहिला नंबर सोडून कुणी पोरींच्यात येतं का? माझा नवरा मला म्हणाला, "तू पण कमाल आहेस. स्वतः अर्ज लिहून स्वतःचा कप दुसरीला दिलास." मी म्हटलं, अजून दिलेला नाही.

खरंच दिलेला नव्हता. शर्यतीआधीच्या सहा महिन्यांत मी जशी पळाले तशी पन्नाशीतही पळाले नव्हते. मीही लिफ्ट सोडली. मंगळवार-शुक्रवार पाय वर करून पडून राहिले. पेज करून बघितली, ती मला काही चालली नाही. रविवारचे शेवटचे तीन किलोमीटर आम्ही दोघीच पुढे असायचो आणि एकमेकींशी एक अक्षर बोलायचो नाही. ती मला कधी सूट देत नव्हती, मी तिला देत नव्हते. त्या बाईनं माझ्यावर मनात काही धरलं असतं तर ते मला त्या तीन किलोमीटरांत कळलं असतं. तसं काही नव्हतं. तिला फक्त मला हरवायचं होतं आणि त्यासाठी मी चांगलं पळायला हवं होतं. इतका मोठा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

शर्यतीच्या पहाटे मुलुंडला चांगलीच थंडी होती. आम्ही शेजारी उभ्या राहिलो आणि पहिली फेरी शेजारीच पळालो. दुसऱ्या फेरीत घाटकोपरला वळसा घातला तेव्हाही बरोबरच होतो. ऊन आता उजवीकडून लागत होतं. विक्रोळीच्या पुलावर ती सुटली. मी चढावर कमी पडते हे तिला ठाऊक होतं आणि तिनं नेमकी तीच जागा धरली होती. कांजूरला ती शंभर पावलं पुढे होती. भांडुपला मी ती कमी करत करत वीसवर आणली. माझ्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या, डोळ्यांत मीठ जात होतं आणि समोर ती डावीकडे झुकलेली पाठ. दोन किलोमीटर राहिले असताना मी तिला गाठलं. तिनं मान वळवली नाही. तिचा श्वास मात्र मला ऐकू येत होता, कण्हल्यासारखा, आणि माझाही तसाच येत असणार. मी पुढे गेले. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या मागे होती. मुलुंडची वस्ती दिसायला लागली तेव्हा मला वाटलं, झालं, आता ही संपली. मग माझ्या कोपराला कोपर लागलं. दमलेल्या पायांनी शेवटचे तीन किलोमीटर पळायला जी बाई दहा वर्षं शिकली होती, ती माझ्या शेजारून निघून गेली.

चार सेकंद. ती पहिली, मी दुसरी. माझी वेळ चार तास तेहतीस मिनिटं, आधीच्या वर्षी कप मिळाला त्यापेक्षा तेवीस मिनिटं कमी.

रेषेच्या पलीकडे ती लोखंडी कठड्याला धरून उभी होती. मी जाऊन तिच्या शेजारी कठडा धरला. मग तिनं आपली पेजेची बाटली माझ्याकडे केली.

"पुढच्या वर्षी मी वरती," ती म्हणाली. "आता खरी पासष्ट. तुका इथं कोण नाय अडवूक. पहिली ये."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. गेली तीन वर्षं मला तेवढंच तर हवं होतं. मी कठड्यावर डोकं टेकलं आणि रडायला लागले, लोकांदेखत, लहान मुलीसारखी. ती जरा घाबरली. पायात गोळा आला काय, म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, "नाही गं. मला नकोय पहिला नंबर. तुझ्याशिवाय मी पळणार कशी?"

मग तिनं बोटं मोजली, मी फोनवर मोजली होती तशीच.

"दोन वर्षांनी तू पासष्ट ना? म्हणजे माझ्याच गटात. मी तेव्हा सहासष्ट पुरी, सदुसष्ट लागायची." तिनं बाटली परत घेतली आणि उरलेली पेज पिऊन टाकली. "तू धाकटी असशील तेव्हा. माका जड जाशील. उद्यापासून कामाला लागूक होया."